गळतीतज्ज्ञांचे बूट

बोनेटखाली डोकं घालून मेकॅनिक बराच वेळ काहीच बोलला नाही, तेव्हाच गादीवाल्याने ओळखलं, की पिकअपचं दुखणं साधं नाही. या मेकॅनिकला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण त्याचं तोंड कधी बंद नसे.

"कूलंट जातंय, इंजिन गार ठेवणारं पाणी," अखेर सायलेन्सर म्हणाला.

"ते मीच तुला सांगितलं! रोज सकाळी ओततोय मी. कुठून जातंय ते सांग."

"तेच तर. रेडिएटर कोरडा, पंप कोरडा, पाइप कोरडे. जमिनीवर थेंब नाही. एवढी सज्जन गळती मी जन्मात पाहिली नाही."

गादीवाल्याला हसू येईना. शनिवारी त्याला डोंगरावरच्या वसतिगृहात गाद्या पोचवायच्या होत्या. पोरी रविवारी येणार होत्या आणि तिथल्या मॅडमनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, "एक जरी मुलगी फरशीवर झोपली, तर तुम्ही आम्हाला विसरायचं आणि आम्ही तुम्हाला." रस्ता सगळा चढाचा. चढावर इंजिन तापलं, तर गाद्या मुलींच्या आधी रस्त्यावर झोपणार होत्या.

"मी शोधतो," मागून आवाज आला.

ते सासरे होते. पाणीपुरवठा खात्यात त्यांची उभी हयात जमिनीखालच्या गळत्या हुडकण्यात गेली होती. लोखंडी कांब रस्त्याला टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि बोट दाखवायचं, की तिथे खोदणारे खोदत. निवृत्तीनंतर कांब त्यांनी घरी आणली होती आणि स्वतःला जावयाच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं होतं. रोज गाडीतून हिंडणं हेच आता त्यांचं ऑफिस.

त्यांनी कांब इंजिनाला टेकवली, डोळे मिटले. "शू! सापडली."

"कुठे?"

"शेजारच्यांच्या गच्चीवर. टाकीचा कॉक."

शेजारी वर जाऊन बघून आले. खरोखरच कॉक गळत होता. त्यांनी आभार मानले. पिकअपची गळती तिथेच राहिली.

रात्रीच्या जेवणानंतर बायकोने गादीवाल्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, बाबांच्या पँटी बघितल्यात का? गाडीतून आले की खालून ओल्या."

"पाऊस..."

"कसला पाऊस? आणि हिरवट डाग पडतात."

गादीवाल्याच्याही ते लक्षात आलं होतं. सासऱ्यांच्या पायाखालचं पायपुसणं रोज भिजलेलं असे. हात लावला तर कोमट. पण सासऱ्यांना असलं काही विचारायची हिंमत कुठल्या जावयाला असते? त्याने गाद्यांच्या वेष्टनाचं प्लास्टिक त्यांच्या सीटवर अंथरलं होतं आणि "नवीन फॅशन आहे" असं सांगितलं होतं.

"आणि वास घेतलात?" बायकोचा आवाज आणखी खाली गेला. "गोड येतोय. अहो, नक्की शुगर झालीय त्यांना!"

"अगं, मी गाडीची गळती शोधू की बाबांची?"

"गाडी विकता येते. बाबा नाही!"

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांचा चहा बिनसाखरेचा झाला. सासरे दोन चमचे साखरेचे. पण त्यांनी पहिला घोट घेतला, लेकीकडे पाहिलं आणि अवाक्षर न काढता कप संपवला. त्यावरून तर तिची खात्रीच पटली.

डॉक्टरांकडे मात्र घोळ झाला.

"लघवी हिरवी?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिरवट," गादीवाला म्हणाला. "गोड वासाची. बोटाला जरा बुळबुळीत लागते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पेशंट कुठेत?"

"बाहेर तुमच्या बेसिनला कान लावून उभे आहेत."

सगळ्या तपासण्या झाल्या. सासरे डॉक्टरांपेक्षा ठणठणीत निघाले. "मशीनच बिघडलं असणार," लेक म्हणाली आणि साखरेचा डबा माळ्यावर गेला.

इकडे सासऱ्यांचं वागणं बदलत चाललं होतं. गाडीत बसताना ते आता पायाखाली वर्तमानपत्रं पसरत. "धूळ फार असते." मग पायात गमबूट आले. "गुडघ्यांना ऊब बरी." गाडीतून उतरताना ती वर्तमानपत्रं घडी करून काखेत दडवत आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून येत. ज्या माणसाने शहराची एकही गळती लपू दिली नाही, तो आता स्वतःच एक गळती लपवत होता. कारण उघड होतं. ती कुणाची, याबद्दल त्यांना स्वतःलाही शंका उरली नव्हती.

शनिवार उजाडला. सायलेन्सरने जाताजाता सल्ला दिला. "तापमानाचा काटा वर चढला, तर हीटर फुल सोडा. इंजिनाची गरमी केबिनमध्ये येईल. इंजिन वाचेल. तुमचं तुम्ही बघा."

लेकीने बाबांसाठी पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या दिल्या. सासऱ्यांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, चहासुद्धा नाही. बाटल्या त्यांनी बाळासारख्या मांडीवर धरल्या आणि न उघडता पुढे बघत बसले.

अर्ध्या चढावर काटा हलला. मग चढला. मग लाल रेघेला जाऊन टेकला.

"हीटर!" गादीवाला ओरडला आणि त्याने बटण फिरवलं.

केबिनमध्ये गोड वाफेचा लोट आला. काच आतून धुरकटली. आणि सासऱ्यांच्या गमबुटांत हिरवं पाणी भळाभळा पडायला लागलं.

सासऱ्यांनी डोळे घट्ट मिटले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "जावईबापू," ते कसेबसे म्हणाले, "गाडी थांबवा. लेकीला सांगू नका. माझं... झालं."

गादीवाल्याने गाडी कडेला घेतली, बाजूला पाहिलं आणि पाहतच राहिला. "बाबा, ते वरून पडतंय."

"वरून?"

"डॅशबोर्डातून!"

सासरे वाकले. एक गरम थेंब त्यांच्या नाकावर पडला. त्यांनी सीटमागची कांब ओढून काढली, डॅशबोर्डला टेकवली आणि कान लावला. नातवंडाचं पहिलं रडणं ऐकावं, तसा त्यांचा चेहरा उजळला.

"टपटप," ते म्हणाले. मग दार उघडून रस्त्यावर उतरले आणि दोन्ही हात वर करून डोंगराकडे बघून ओरडले, "ही माझी नाही! गळती माझी नाही!"

तिथून जाणाऱ्या सायकलवाल्याने काही न कळून त्यांचं अभिनंदन केलं.

गादीवाल्याने सायलेन्सरला फोन लावला. "हीटरची जाळी फुटलीय!" सायलेन्सर आनंदाने किंचाळला. "म्हणून खाली थेंब नव्हता. तिच्यातून फिरणारं ते हिरवं कूलंट सगळं आत पडत होतं. आत कुणाला ओलं लागलं नाही का हो?"

"लागलं," गादीवाला म्हणाला. "पण घरगुती बाब होती."

इंजिन निवल्यावर फोनवरच्या सूचनांबरहुकूम त्याने हीटरला जाणारा पाइप सोडवला आणि वळवून परत इंजिनालाच जोडला. हीटर गेला कामातून, गळती बंद. आता फक्त पाणी भरायचं होतं. सासऱ्यांनी लेकीने दिलेल्या दोन्ही बाटल्या पुढे केल्या. दोन्ही काठोकाठ भरलेल्या. घाबरून न प्यायलेलं ते पाणी इंजिनाने घटाघटा पिऊन टाकलं.

पुढच्या टपरीवर सासऱ्यांनी एकामागून एक तीन चहा मारले, प्रत्येकात साखर जास्त. संध्याकाळच्या आत गाद्या खोल्यांत लागल्या. मॅडमनी एकीवर बसून पाहिलं आणि पुढच्या वर्षीचीही ऑर्डर दिली.

परतताना सासऱ्यांचे पाय अनवाणी आणि कोरडे ठणठणीत होते. ते गाणं गुणगुणत होते. मधेच त्यांची नजर ड्रायव्हरच्या सीटकडे गेली आणि गाणं थांबलं.

निघण्याआधी वसतिगृहाच्या नळावर भरलेली बाटली इंजिनात ओतताना गादीवाल्याने घाईघाईत ती स्वतःवरही सांडून घेतली होती. पँट पुढून चिंब होती आणि सीटवर ओल पसरत होती.

"बाबा, हे ते बाटलीचं..."

"मी काही विचारलं का?" सासरे मायेने म्हणाले. त्यांनी उरलेलं वर्तमानपत्र उघडून जावयाच्या पुढ्यात सरकवलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. "धूळ फार असते, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरेचा डबा माळ्यावरून खाली आला होता. सासरे समाधानाने कपात दुसरा चमचा ढवळत होते.

गादीवाल्याने आपल्या चहाचा पहिला घोट घेतला आणि बायकोकडे पाहिलं. चहात साखर नव्हती.