मुक्काम क्लेमेंटी, गाव नैरोबी

सिंगापुरातल्या आमच्या हॉकर सेंटरात, म्हणजे टपऱ्यांच्या खाऊबाजारात, एका साळुंकीने माझ्या ताटलीतला रोटी प्राटाचा तुकडा उचलून नेला, तेव्हा गुप्तेकाकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माझा नाश्ता गेला याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

"जावाची आहे ती," ते कौतुकाने म्हणाले. "बाहेरून आलेली. बघ कशी हक्काने खाते. इथली जुनी साळुंकी दिसते का कुठे? बसली असेल झाडीत, आमच्या काळी असं नव्हतं म्हणत."

गुप्तेकाका क्लेमेंटीला आमच्याच मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलेली, अंगात कायम सफारी, आणि डोक्यात एकच खूळ. त्यांच्या मते जगात दोनच जाती आहेत: आलेले आणि जन्मलेले. आलेला माणूस, पक्षी किंवा झाड, जन्मलेल्याच्या पुढे जाणारच. लिफ्ट बिघडली की ती जन्मलेल्याने बसवलेली असते. दुरुस्त झाली की मेकॅनिक आलेला असतो. एखादा जन्मलेला अगदीच हुशार निघाला, तर काका शांतपणे विचारतात, "त्याचा आजोबा कुठून आला होता?" आता सिंगापुरात सगळ्यांचेच आजोबा कुठून ना कुठून आलेले. त्यामुळे काका आजवर एकही वाद हरलेले नाहीत.

आलेल्यांतही त्यांनी प्रतवारी लावली आहे. पहिला नंबर केनियाचा. "केनियाचा माणूस जिथे जाईल तिथे तिथल्या माणसापेक्षा जास्त शिकतो, जास्त कमावतो, जास्त टिकतो." पुराव्यादाखल तीन माणसं. लेस्टरला दुकान थाटलेला भाऊ, टोरांटोत दात उपटणारा चुलतभाऊ, आणि सिंगापुरातल्या शिपिंग कंपनीत हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले ते स्वतः. तिघेही गुप्ते. मी एकदा म्हटलं, "काका, हा अभ्यास केनियाचा झाला की गुप्त्यांचा?" त्यावर महिनाभर माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलत होते.

काकांचे वडील रेल्वेत कारकून म्हणून नैरोबीला गेले. काकांचा जन्म तिथला, शाळा तिथली. शेंगदाण्याला ते जुगू म्हणतात आणि झाडूला फागियो. आमच्या मंडळाच्या गणपतीत नवीन आलेलं कुणीतरी त्यांना हमखास विचारतं, "काका, गाव कुठलं?"

"नैरोबी."

"नाही हो, मूळ गाव?"

"नैरोबीच. पार्कलँड्स. सुधारलेला भाग आहे."

समोरच्याचा अगदी विरस होतो. चिपळूण निघालं असतं तर मावशी निघाली असती, सातारा निघालं असतं तर कंदी पेढे निघाले असते. नैरोबीत काय निघणार? माझ्या सासूबाईंनी एकदा नेटाने संभाषण पुढे रेटलं. "मग तिथे भीती नाही वाटायची?" काका म्हणाले, "तिथे नाही वाटली. पुण्यात रस्ता ओलांडताना वाटते." सासूबाई त्यानंतर त्यांच्या वाटेला गेल्या नाहीत.

लग्नाचंही असंच झालं म्हणे. मुंबईच्या मुलींना ते आफ्रिकेतले वाटले आणि आफ्रिकेतल्यांना सिंगापूरचे. "त्यांचं नुकसान," असं म्हणून काका तो विषय मिटवतात. मीही कधी उकरून काढला नाही.

तर अशा या माणसासमोर एक दिवस खरोखरीचा केनिया येऊन उभा राहिला.

मी विद्यापीठात एका प्रयोगशाळेचं व्यवस्थापन बघते. आमच्याकडे वांबुई नावाची मुलगी संशोधनाला आली. नैरोबीची. पाणी गाळायच्या पडद्यांवर तिचं काम, डोकं असं की आमचे प्रोफेसर तिच्याशी बोलायच्या आधी वाचून येतात. पगार माझ्यापेक्षा बरा. विद्यापीठाच्या गेस्ट हाउसमधली तिची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि तिला खोली मिळत नव्हती. फोनवर सगळं छान असायचं. इंग्रजी फर्डं, नोकरी विद्यापीठात, या ना बघायला. ही दारात पोचली की खोली नुकतीच गेलेली असायची. एका एजंटने निदान खरं तरी सांगितलं, "ओनर नॉट युज्ड टू, लाह." कशाची सवय नाही, हे वाक्य मात्र त्यानेही पुरं केलं नाही.

हे मी काकांना सांगायला नको होतं. पण सांगितलं, आणि त्यांनी त्यातला 'नैरोबी' एवढाच शब्द ऐकला.

"तिला चहाला बोलाव," ते म्हणाले. "तुझ्याकडे. माझ्याकडे पसारा आहे."

काकांकडे कायमच पसारा असतो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या लोखंडी गेटच्या आत पाऊल टाकलेलं नाही. डबे, दिवाळीचा फराळ, सगळी देवाणघेवाण गजांमधून.

शनिवारी काका टाय लावून आले. वांबुईला बघताच त्यांचा चेहरा इतका फुलला की मला जरा काळजीच वाटली. आणि मग त्यांनी आपल्या मायदेशाची भाषा काढली. स्वाहिली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. धडाधड, खणखणीत, एकामागून एक वाक्यं. वांबुई आधी हसली, मग कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली.

"काय म्हणाले?" मी इंग्रजीत विचारलं.

"पाणी आण," ती म्हणाली. "दार लाव. लवकर. गाडी धू. चहा गरम नाही, परत घेऊन जा."

मला हसू आवरेना. काकांना काही कळेना.

"अंकल," वांबुईने अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही स्वाहिलीत बोलायचात कुणाशी?"

"मचारियाशी," काका म्हणाले. "आमचा स्वयंपाकी. मला त्यानेच वाढवलं." आणि तिथे थांबले. दाराला, गाडीला आणि चहाला पुरेल एवढीच ती भाषा आहे, हे त्या क्षणी त्यांचं त्यांना उमगलं. माझं हसू जागच्या जागी जिरलं.

"माझी आजी पार्कलँड्समध्येच कामाला होती," वांबुई म्हणाली. "तिला हीच वाक्यं पाठ होती. फक्त ती ऐकायची." मग तिने बशीतला चिवडा पुढे ओढला आणि विचारलं, "यात जुगू आहेत?" चांगली मुलगी. दुसरी कुणी असती तर उठून गेली असती.

पण काका त्या दिवसापासून बिथरले. केनियाच्या माणसाला घर मिळत नाही, हे त्यांच्या सिद्धान्तात बसत नव्हतं. "शिक्षण जास्त, पगार जास्त, आणि खोली नाही? अशक्य. तिचं बोलणं कमी पडत असेल. मी येतो बरोबर." महिना संपायला एक आठवडा उरला होता. वांबुईने आपल्या बॅगा उघडायचंच बंद केलं होतं, आणि प्रयोगशाळेच्या गोदामात खुर्च्या जोडून झोपता येईल का, असं तिने मला थट्टेत विचारलं होतं. ती थट्टा नव्हती.

शेवटी मी एक मराठी घर शोधून काढलं. नवरा-बायको, मोठा काँडो, खोली रिकामी. नाव सांगत नाही, मला मंडळात तोंड दाखवायचं आहे. आम्ही तिघं गेलो. काका सोबत दिसल्यावर बाईंनी हसून आत घेतलं, खोलीही दाखवली. मग सोफ्यावर बसून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "एकच अडचण. आमच्याकडे शुद्ध शाकाहार आहे."

"मीही शाकाहारी आहे," वांबुई म्हणाली. "आमच्या चर्चमध्ये बरेच जण असतात. अंडंसुद्धा खात नाही."

माझ्या पर्समध्ये त्या क्षणी अंडा सँडविच होतं. मी पर्स पायाखाली सरकवली.

बाई गडबडल्या. मग म्हणाल्या, घरात पूजा असते. वांबुई म्हणाली, मी पहाटे उठून प्रार्थना करते, आवाज करत नाही. बाई म्हणाल्या, पाहुणे आणलेले चालणार नाहीत. वांबुई म्हणाली, मला इथे कोणी ओळखत नाही. असा सगळा खेळ संपल्यावर बाई काकांकडे वळल्या आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं मराठीत म्हणाल्या, "काका, तुम्हीच समजून घ्या ना. आफ्रिकेतली माणसं म्हटल्यावर... आपल्याला सवय नसते."

"मीही आफ्रिकेतलाच आहे," काका म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. "तुमचं काहीतरीच. तुम्ही आपले."

काकांना आयुष्यभर कुणीतरी आपलं म्हणावं असं वाटत असणार. आणि म्हटलं ते असं, या घरात, या कारणासाठी. त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही. तीन गुप्ते तीन देशांत पुढे का गेले, कोणत्या दारांनी त्यांना आत घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवून, हे सगळं त्या सोफ्यावर त्यांच्या पुढ्यात येऊन बसलं होतं.

"ही तुमची कोण लागते, काका?" बाईंनी विचारलं.

"गावची आहे," काका म्हणाले आणि उठले. "आमच्या गावची पोर आहे ती. तुमच्या गावची आली तर तुम्ही काय करता?"

याचं उत्तर बाईंनाही माहीत होतं. ते सगळ्यांनाच माहीत आहे. गावचं पोर परक्या शहरात उतरलं की गावचा माणूस हातरूण सरकवतो. सवय आहे का, असं कोणी विचारत नाही.

आम्ही बसस्टॉपवर आलो. वांबुई जरा लांब उभी राहून फोनवर पुढचा पत्ता शोधत होती. मी त्यांच्यावर चिडलेच होते. म्हटलं, "काका, तुमचं घर आमच्याएवढंच, राहता एकटे, अख्खी एक खोली रिकामी आहे. महिनाभर तुम्ही सिद्धान्त झाडताय, आणि तिला सरळ घरी चल म्हणवत नाही तुम्हाला?"

"आणि ती नको म्हणाली तर?" काका हळूच म्हणाले.

"तर काय होईल?"

"हिंदुस्थानात मी आफ्रिकेचा. इथे हिंदुस्थानचा. मी बिनधास्त नैरोबीचा म्हणतो, कारण विचारायला नैरोबीचं कोणी नव्हतं. आता आहे." त्यांनी बसच्या दिशेने बघितलं. बस येत नव्हती. "चहाच्या वेळी बघितलंस ना, तिच्या लेखी मी कोण आहे ते. तिनेच नको म्हटलं तर मी कुठला राहिलो, वैशाली?"

 मी आपली वांबुईला हाक मारली आणि काकांना कोपराने ढोसलं. सत्तरीपारचा माणूस, पण विचारताना घाम फुटला होता. खोली लहान आहे, पंखा आवाज करतो, मला स्वयंपाक येत नाही, असे सगळे दोष आधी सांगून मग त्यांनी विचारलं, येशील का.

"भाडं किती?" वांबुईने विचारलं. काकांनी सांगितलं. "फार कमी आहे," ती म्हणाली. "दुप्पट देईन. मी कुणाची पाहुणी म्हणून येणार नाही. आणि अंकल, घरात माझं काम मी करीन, तुमचं तुम्ही."

"हो," काका म्हणाले. "हो, हो."

रविवारी तिचं सामान हलवायला मी गेले आणि पहिल्यांदा त्या गेटच्या आत शिरले. पसारा कुठला. टेबल होतं आणि त्याला एकच खुर्ची. गॅसजवळ एक ताट, एक वाटी, एक पेला. भिंतीवर काही नाही. इतक्या वर्षांत या घरात दुसरं माणूस कधी बसलेलंच नाही, हे लपवायला काका पसारा सांगत आले होते. मला भरून आलं, आणि रागही आला, त्यांचा नाही, आमचाच. गजांमधून फराळ देणं सोपं असतं.

मी माझ्याकडून खुर्च्या आणल्या. वांबुईने पातेल्यात मक्याचं पीठ घोटायला घेतलं, काका शेजारी उभे राहून सूचना देत होते आणि ती एकही ऐकत नव्हती. एवढ्यात तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने घर दाखवलं, खिडकी दाखवली, मग फोन काकांकडे फिरवला. काकांनी घाईघाईने सफारीचं वरचं बटण लावलं. आईने काहीतरी विचारलं. वांबुई स्वाहिलीत एकच वाक्य बोलली आणि आईचा चेहरा सैल पडला. तिने काकांना हात हलवला.

"काय म्हणाली?" फोन बंद झाल्यावर काकांनी विचारलं. आवाज पार बारीक झाला होता. "मला कळलं नाही."

"तिने विचारलं, हा म्हातारा कोण," वांबुई पीठ घोटता घोटता म्हणाली. "मी म्हटलं, आपल्या नैरोबीचा आहे."

काकांनी मान हलवली. मग चष्मा काढून तो सफारीच्या टोकाला पुसायला लागले, आणि ताटं वाढून झाली तरी पुसतच होते.