रिव्हर्समधलं दर्शन

अवधूत सावंतला आयुष्याकडून फार काही नको होतं. एक सेकंडहँड गाडी मावेल एवढी जागा मिळाली असती तरी पुरे होतं. लालबागमध्ये राहून ही मागणी किती उद्धट आहे, हे समजायला त्याला नऊ वर्षं लागली. तोवर त्याने गाडी चिंचपोकळीच्या पुलाशी लावली, वडाळ्याला मेव्हण्याच्या दारात लावली आणि एकदा तर कुठे लावली तेच विसरला (चोरीला गेली असेल असं समजून त्या रात्री त्याला छान झोप लागली होती). शेवटी तळमजल्यावरच्या तात्या परबांनी आपली गाडी विकली आणि गल्लीच्या टोकाची त्यांची जागा अवधूतला मिळाली.

जागा मिळाली आणि लगेच श्रावण लागला. गल्लीच्या टोकाला मंडपाचे बांबू उभे राहिले, त्यांच्यावर जाड पडदा चढला आणि पडद्याआड गणपतीची मूर्ती घडू लागली. मूर्ती कशी आहे हे पहिल्या दर्शनाच्या दिवसापर्यंत कोणी म्हणजे कोणीच बघायचं नाही, हा मंडळाचा जुना शिरस्ता. मूर्तिकार सेक्रेटरीलासुद्धा आत घेत नसे. सेक्रेटरी हितेंद्र हे दुःख इतरांवर ओरडून हलकं करायचा.

"अवधूत, नीट ऐक," तो म्हणाला. "गल्ली आता पुढनं बंद. गाडी नाक्यापासून रिव्हर्समध्ये आणायची. मागे पडद्याचा मेन बांबू आहे. त्याला गाडी लागली ना, जागा कॅन्सल. मग माझ्याकडे रडत यायचं नाय."

"आणि नाही लागली तर?"

"तर मोरया!"

अवधूतची मान गेली तीन वर्षं मागे वळत नव्हती. ऑफिसात मागून साहेबांनी हाक मारली तर तो खुर्चीसकट वळायचा. गाडीत ती सोय नव्हती. म्हणून त्याने रिव्हर्स कॅमेरा बसवायचं ठरवलं. घरी हे सांगितल्यावर त्याची बायको प्राची म्हणाली, "त्यापेक्षा मला चालवू दे ना. लायसन्स आहे माझं." अवधूतने हे ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि त्याची अब्रूही वाचली असती.

ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानात पन्नास प्रकारचे कॅमेरे होते. रात्री दिसणारा, पावसात दिसणारा, पुसायला न लागणारा. अवधूतने आधी रात्र रात्र व्हिडिओ बघून अभ्यास केला होता, तो सगळा दुकानात शिरताच विसरला.

"साब, वाइड अँगल ले लो," दुकानदार म्हणाला. "नंबर प्लेट के ऊपर लगाऊंगा. नीचे का, बाजू का, सब दिखेगा."

"सब म्हणजे? मला फक्त एक बांबू बघायचाय."

"बांबू तो दिखेगाच, साब. बाकी सब फ्री में."

बंपरवर ड्रिल सुरू झालं तेव्हा अवधूतला आपल्याच दाढेत भोक पाडतायत असं वाटलं. कॅमेऱ्याची वायर मागच्या रिव्हर्सच्या दिव्याला जोडली. म्हणजे गियर मागे टाकला की पुढच्या स्क्रीनवर चित्र आपोआप यायचं. त्या संध्याकाळी अवधूतने स्क्रीनवरच्या हिरव्या-लाल रेघा बघत, घामाघूम होत, गाडी बांबूपासून वीतभर अंतरावर आणून लावली. शेजारी बसलेली त्याची आई, मालनकाकी, स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत राहिली होती.

"अवधू, जरा थांब रे. बंद करू नको."

"आई, मी दमलोय," म्हणत त्याने गाडी बंद केली आणि वर जाऊन झोपला. तिने काय बघितलं हे त्याने विचारलं नाही. दमलेल्या माणसाला कुतूहल परवडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडीची बॅटरी बसू लागली. ऑफिसला तो बसने जायचा, आणि संध्याकाळी आईला गुडघ्यांच्या शेकासाठी दादरला न्यायचं तर गाडी ढिम्म. रोज मेकॅनिक यायचा, दुसऱ्या बॅटरीची वायर लावून गाडी सुरू करायचा आणि अवधूतकडे दयेने बघायचा. चौथ्या दिवशी अवधूत दुकानदाराशी भांडायला गेला.

"तुमचा कॅमेरा बॅटरी खातो!"

"साब, गियर पीछे डाले बिना कॅमेरा चालूच नहीं होता. घर में पूछो, दोपहर को गाडी में कौन बैठता है."

"कोण बसणार? माझ्या घरातली माणसं काय वेडी आहेत?" अवधूत तावातावाने म्हणाला आणि सुट्टी टाकून दुपारीच घरी आला.

गल्लीत त्याची गाडी जागेवर उभी होती आणि गाडीच्या दाराबाहेर बायकांच्या चपलांची लांबलचक रांग लागली होती. आत पुढे आई हात जोडून बसलेली, स्टिअरिंगवर प्राची आणि मागे चार शेजारणी. किल्ली अर्धी फिरवलेली, गियर मागे टाकलेला. स्क्रीनवर पडद्याखालच्या फटीतून बाप्पाचे पाय, सोनेरी तोडे आणि शेजारी मोराची मान स्वच्छ दिसत होती.

"मोरावर बसलो हा रे बाप्पा!" आई गहिवरून म्हणाली.

नऊ वर्षांनी मिळालेली जागा अवधूतला त्या मोरावर बसून उडून जाताना दिसली. "उतरा! सगळ्या उतरा! हितेंद्रने बघितलं तर..."

"काय बघितलं तर?" मागून आवाज आला. अवधूत (मानेमुळे) अख्खा वळला. हितेंद्र चपलांकडे बघत होता.

"काही नाही. बायकांची... भिशी आहे."

"गाडीत?"

"घरात उकडतं."

"हितेंद्रा, मेल्या, कित्याक उभो रवलंस?" आईने आतून हाक मारली. "पायातलां काढ आणि बस. बाप्पाक बघून घे."

प्राचीने उतरून जागा दिली. हितेंद्र बसला. वीस वर्षं पडद्याबाहेर थांबलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. बाहेर येऊन त्याने नाक पुसलं आणि हळूच म्हणाला, "अवधूत, जाऊ दे. मी काय बघितलं नाय, तू काय दाखवलं नाय. जागा तुझीच. फक्त उद्या दुपारी मी परत येतो."

अवधूतला इतकं हलकं वाटलं की तो हसलासुद्धा. त्या आनंदात त्याने खिडकीतून हात घालून किल्ली बंद करायला फिरवली, पण उलट्या बाजूला. गियर मागेच होता. चार दिवस मेलेल्या बॅटरीत नेमका तेव्हाच जीव आला. गाडीने मागे उडी मारली, बांबू कडाडला आणि सगळा पडदा खाली आला. कॅमेऱ्याने बांबू शेवटपर्यंत अगदी स्पष्ट दाखवला होता, फक्त तेव्हा स्क्रीनकडे कोणी बघत नव्हतं.

कोणाला काही लागलं नाही. गॅलऱ्यांमधून एकदम "गणपती बाप्पा मोरया!" असा गजर झाला. मूर्तिकाराने मात्र ब्रश खाली टाकून हितेंद्रला जे सुनावलं, ते बाप्पासमोर बोलायला नको होतं.

"जागा कॅन्सल!" हितेंद्र ओरडला.

"हितेंद्रा," दरवर्षी मोदक वळणारी मालनकाकी गाडीतून न उतरता म्हणाली, "जागा काढलंस तर मंडळाच्या मोदकांक माझो हात लागूचो नाय."

त्या रात्री कमिटीची मीटिंग झाली. मोदक आणि शिस्त या दोन्हींचा विचार करून असं ठरलं, की जागा सावंतांकडेच राहील, पण गल्लीत गाडी प्राचीवहिनी चालवतील. अवधूतने नाक्यावर उतरून चालत यायचं. प्राचीने निकाल ऐकून कपाटातून लायसन्स काढलं आणि पुसून पर्समध्ये ठेवलं.

तेव्हापासून दादरहून येताना अवधूत नाक्यावर उतरतो, भाजीच्या दोन्ही पिशव्या घेतो आणि गल्लीतून घराकडे चालू लागतो. त्याच्यामागून प्राची झोकात गाडी रिव्हर्समध्ये आणते. परवा आई पुढच्या सीटवरून एकदम ओरडली, "गो प्राची, थांब! मागे कोणतरी आसा!"

प्राचीने स्क्रीनकडे नजर टाकली. ब्रेकवर पाय काही ठेवला नाही.

"कोणी नाही हो आई," ती म्हणाली, "अवधूत आहे."