मागच्या सीटवरचा फौजदार

सासूबाईंचा कुत्रा घरात कधीच भुंकत नसे. दारात कुणी आलं की शेपूट हलवत तो त्याला आत घेऊन यायचा. चोर आला असता तर कपाटही दाखवलं असतं. पण हाच कुत्रा मोटारीच्या मागच्या सीटवर बसला की त्याच्या अंगात यायचं. काचेपलीकडे कुणी चालताना दिसलं की हा उठून उभा, आणि त्या माणसाने याच्या घरावर दावा ठोकलाय अशा संतापाने भुंकणार. पोस्टमन असो, काठी टेकत चाललेले आजोबा असोत, सगळ्यांना एकच न्याय. सासूबाईंनी त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं आणि तो नावाला जागत होता.

हे सोसत होते मास्तर, म्हणजे सासूबाईंचे जावई. मोटार शिकवण्याचा त्यांचा धंदा वीस वर्षांचा. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो दाबून दाबून त्यांचा उजवा बूट डाव्याच्या आधी झिजायचा. सासूबाईंच्या गावाबाहेरच्या घराकडे जाणारी बस बंद झाली होती आणि सासऱ्यांच्या माघारी त्यांची मोटार दारात धूळ खात पडली होती. तेव्हा "पंधरा दिवसांत शिकते, परवाना काढते आणि जाते," असं म्हणून त्या आल्या. आता तिसरा महिना चालू होता. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या होत्या, पलंगावरची मास्तरांची बाजू फौजदाराने घेतली होती आणि दाढी करताना नळ बंद ठेवण्याची सूचना मास्तरांना रोज सकाळी दाराबाहेरून मिळत होती. परवाना मिळाल्याशिवाय यातून सुटका नव्हती.

पहिली परीक्षा सुरू होण्याआधीच संपली. परीक्षक साहेब वही घेऊन गाडीकडे चालत आले. चालत आले, तिथेच चुकलं. फौजदार काचेवर असा धडकला की साहेब तीन पावलं मागे गेले आणि वही छातीशी धरून उभे राहिले.

"पुढच्या वेळी कुत्रा घरी ठेवून या," ते लांबूनच म्हणाले.

"तो नसेल तर मी स्टिअरिंगला हात लावणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आकाशाकडे पाहिलं.

"बरं, आणा," साहेब म्हणाले. "पण माझ्यावर भुंकला तर मी गाडीत बसणार नाही. आणि मास्तर, तुम्ही मागे त्याला धरून बसा. मात्र तुमच्या तोंडून एक शब्द निघाला तरी बाईंना नापास करीन."

पुढची तारीख महिन्याने होती. म्हणजे महिनाभरात फौजदाराच्या तोंडाला कुलूप लागायला हवं होतं. मास्तरांनी आधी रागावून पाहिलं. फौजदार त्यांच्यावरही भुंकला. मग त्यांनी मागच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. परिणाम असा झाला की आत काय दडवलंय ते बघायला माणसं थांबू लागली, आणि फौजदाराने एका फटीतून पहिलं पान फाडलं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. रस्त्यावर माणूस दिसला की कुत्र्याने तोंड उघडायच्या आत त्यात बिस्किट घालायचं. माणूस, बिस्किट. माणूस, बिस्किट.

मास्तर शेजारच्या सीटवर अर्धे मागे वळून, एक डोळा रस्त्यावर आणि एक फौजदारावर ठेवून बिस्किटं भरवू लागले. त्यांची मान आखडली, सीटवर चुऱ्याचा थर बसला, पण तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. माणूस दिसला की फौजदार गपचूप मास्तरांकडे वळून आ करू लागला. शेवटचा आठवडा तर गाडीत चिटपाखरू नसल्यासारखा गेला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सासूबाईंची बॅग माळ्यावरून काढून पुसूनसुद्धा ठेवली.

परीक्षेच्या दिवशी साहेब चालत आले. फौजदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मागे बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं आणि आ केला. साहेब सीटच्या अगदी टोकावर बसले आणि मान ताठ धरून समोर बघत राहिले. सासूबाईंनी आरसा पाहिला, इशारा दिला, गाडी अलगद बाहेर काढली. पहिलं वळण उत्तम. चढावर थांबून निघणं उत्तम. साहेब वहीत बरोबरच्या खुणा करत होते आणि मास्तर मनातल्या मनात आपल्या पलंगावर आडवे होत होते.

तेवढ्यात पुढे एक गृहस्थ छातीशी भलीमोठी कुंडी धरून रस्त्यात उतरले. कुंडीतल्या झाडामुळे त्यांना रस्ता दिसत नव्हता. मास्तरांना ते दिसले. फौजदारालाही दिसले, कारण त्याने वळून आ केला. सासूबाई मात्र शांतपणे त्याच वेगाने चालल्या होत्या. साहेबांनी डोळे मिटून पाय वर ओढून घेतले. मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली आपटला, पण मागे कसला ब्रेक? बोलावं तर परीक्षा गेली. न बोलावं तर कुंडीवाला गेला.

मास्तर भुंकले.

दोनदा, पोटातून, जीव तोडून भुंकले. सासूबाईंचा पाय तत्काळ ब्रेकवर पडला आणि गाडी कुंडीपासून हातभर अंतरावर थांबली. झाडाआडून "आभारी आहे" असं ऐकू आलं आणि गृहस्थ पलीकडे गेले. साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. मागे कुत्रा होता. त्यांनी कपाळ पुसलं आणि वहीत लिहिलं, "ब्रेक वेळेवर." फौजदार मास्तरांकडे बघतच राहिला. एवढ्या दिवसांत त्याला प्रथमच बिस्किट मिळालं नव्हतं.

परवाना मिळाला. घरी आल्यावर मास्तरांनी बॅग दारात आणून ठेवली, तेव्हा सासूबाई पाणी पिऊन म्हणाल्या, "जावईबापू, मघाशी तुम्ही भुंकलात ना? फौजदाराचा आवाज मी ओळखते."

"आई, तो माणूस तुम्हाला दिसला नाही?"

"माणसं काय, कुठूनही येतात. किती बघणार? फौजदार भुंकला की मी ब्रेक दाबते. मला वाटलं, तुम्ही त्यासाठीच त्याला मागे बसवता."

"पण गेला आठवडाभर तो गप्प होता. तेव्हा?"

"तेव्हा गाडी आपली आपण थांबायची. म्हटलं, आता पाय बसला माझा."

मास्तरांनी स्वतःच्या उजव्या बुटाकडे पाहिलं. आठवडाभर डोळे फौजदारावर होते, पण पाय आपलं वीस वर्षांचं काम इमानाने करत होता.

"अहो," दारातून बायको म्हणाली, "म्हणजे महिनाभर तुम्ही शिकवलंत कुणाला?"

मास्तर गप्प बसले असते तर सासूबाई संध्याकाळच्या आत गेल्या असत्या. पण मास्तरांच्या डोळ्यांसमोरून ती कुंडी हलेना. सासूबाई घरी जाणार याची त्यांना प्रथमच भीती वाटली, आणि त्या भीतीचा त्यांना भयंकर रागही आला.

"आई, एकटीने चालवायची नाही," ते म्हणाले. "मी येतो तिकडे. आठ-पंधरा दिवस रस्ता बघायला शिकवतो."

बायकोने त्यांची बॅग दहा मिनिटांत भरून दिली. दाढीचं सामानसुद्धा विसरली नाही.

पाचव्या दिवशी मास्तरांनी सासूबाईंच्या अंगणातून घरी फोन लावला. "कशी आहेस?"

"मजेत. घर कसं शांत आहे हो. मी तर पलंगावर आडवीतिडवी झोपते."

"मी परवा यावं म्हणतो."

"एवढ्यात? नीट शिकू दे की तिला. घाई कसली?"

फाटकातून हॉर्न वाजला. सासऱ्यांच्या जुन्या मोटारीला दुसरा ब्रेक नव्हता. तोंडाने "थांबा" म्हटलं की सासूबाई "काय म्हणालात?" असं विचारत पूर्ण मागे वळायच्या. पुढची सीट फौजदाराने घेतली होती आणि तो समोरचा रस्ता बघत मुकाट बसला होता.

"चला जावईबापू, बाजारात गर्दी असेल आज," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर मागच्या सीटवर जाऊन बसले, काच खाली केली आणि त्यांनी घसा खाकरून साफ केला.