कांडीवरचा आवाज

धानाच्या ढोलीत शिरलेला उंदीर सावकाश कुरतडत बसावा, तसा एक आवाज माझ्या कानांत घर करून आहे. कुर्र... टक्. कुर्र... टक्. पवनीतल्या आमच्या गल्लीत वासुदेवभाऊंचे दुकान आहे. तिथल्या टेबलाखालच्या संगणकातून तो येत असे. सोबत जुन्या कॅसेटींचा आंबूस वास आणि तापलेल्या धुळीचा. आवाज सुरू झाला की वासुदेवभाऊ डोळे मिटून हात वर करीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

“बोलू नका मॅडम. म्हातारी माळ्यावर चढून राहिली.”

म्हातारी म्हणजे त्यांची हार्ड डिस्क.

वासुदेवभाऊ आमच्या गावाचे शूटिंगवाले. लग्न, बारसे, तेरवी, शाळेचे संमेलन, आणि धान घरात आले की गावोगावी रंगणारी नाटके, हे सारे त्यांनी कॅमेऱ्यात भरून ठेवले आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते आणि जुन्या काव्यवाचनांच्या चित्रफिती मागायला त्यांच्याकडे जाते. मागणे सोपे, मिळणे कठीण. म्हातारी एकेक पायरी चढते, थांबते, दम खाते. तेवढ्यात वासुदेवभाऊंचा एक चहा आणि माझे एक चर्वितचर्वण आटोपलेले असते.

मग एकदा ते नागपूरहून तळहाताएवढी, एसएसडी नावाची नवी डिस्क घेऊन आले आणि तिला हार्ड डिस्कच्या पुढे बसवले. हा प्रकार काय, असे मी विचारले, तर त्यांनी मला त्यांच्या वडिलांच्या मागावर नेऊन बसवले. माग केव्हाच मोडला. पण त्यांच्या बोलण्यात तो अजून खटखटतो.

“विणणारा माणूस सुताची सारी लड मांडीवर घेऊन बसते का जी? लड राह्यते माळ्यावर. मागावर इकडून तिकडे पळते त्या धोट्यात राह्यते बोटाएवढी कांडी. लागन तेवढंच सूत हाताशी. आता हे डिस्क म्हणजे माळा. मोठा आहे, पण म्हातारा. अन् हे नवीन म्हणजे कांडी. लहान, पण चपळ. जे तुम्ही रोज मागान ते कांडीवर येऊन बसते. जे कोणी विचारत नाही, ते माळ्यावर.”

“आणि कोणती वस्तू कुठे, हे ठरवते कोण?”

“मशीनच पाह्यते. आपल्याले सांगा लागत नाही. आपून काय मागतो, तिले बराबर मालूम राह्यते.”

त्या दिवसापासून वासुदेवभाऊंच्या जगाची विभागणी पक्की झाली. घरात एकटा माणूस. एक ताट, एक गिलास, एक शर्ट खाटेजवळ, आणि आठवडाभर ज्याला हात लागला नाही ते माळ्यावर. त्यामुळे भर श्रावणात हे डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून बाजारात दिसत. छत्री खाली का आणत नाही, असे कोणी विचारले तर म्हणत, “एक दिवस लागली म्हणून काय झालं? आदत तर झाली पाह्यजे तिची.”

माणसांनाही हाच कायदा. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते त्याच्याकडे बघत राहत. “थांबा. आणून राहिलो.” तो बिचारा थांबे. “हां! दिघोरीचे. तुमच्या पोरीच्या लग्नात जनरेटर बंद पडलं होतं.” नाव शेवटपर्यंत येत नसे, जनरेटर मात्र नेमका येई. मी एकदा भीत भीत विचारले, “भाऊ, मी कांडीवर आहे की माळ्यावर?” त्यांनी मला नीट न्याहाळले. “तुम्ही मधात आहा. जिन्यावर.”

समोरचा पानठेलेवाला त्यांची फिरकी घेई. “काऊन वासुदेवभाऊ, स्वतःचं लग्न माळ्यावर टाकून भुलले का?”

“हजार लग्नं पाह्यली बापा. पोट भरलं.”

हसू येई, पण त्या हसण्याला दुकानातल्या ओलीसारखी थंड कड असे. कारण त्या दुकानाची एक भिंत एका दुसऱ्या घराचीही होती, आणि त्या घराचे नाव वासुदेवभाऊंच्या तोंडून कधी निघत नसे. फारच गरज पडली तर ‘बाजूवाले’. पलीकडचेही यांना ‘बाजूवाले’च म्हणत. बाजूवाले म्हणजे सख्खा धाकटा भाऊ, मधुकर.

मधुकर नाटकात गात असे. सानगडीच्या मंडपात त्याने एकदा राजाची भूमिका केली. बायाबापड्या पदराने डोळे पुसत उठल्या, असे लोक अजून सांगतात. ते सारे नाटक वासुदेवभाऊंनी कॅसेटवर भरले होते. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात कोरी कॅसेट कमी पडली. कॅसेटचे दुकान बंद, वरात दारात. त्यांनी हाताला लागली ती कॅसेट घातली. राजाच्या आवाजावर कोणाची तरी सप्तपदी चढली. मधुकरने भांडण केले नाही. तो फक्त बोलायचा थांबला. तेव्हापासून वासुदेवभाऊ काही म्हणून मिटवत नाहीत. पंगतीतल्या खरकट्या पत्रावळींचेही चित्रण त्यांनी जपून ठेवले आहे. माळा असा भरत गेला.

मधुकर पहाटे भूपाळी म्हणे. पुढे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने त्याचा गळा नासला, आणि नागपूरला शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकले. तो परत आला. गल्लीतली पहाट मुकी झाली.  त्या दिवशी वासुदेवभाऊ म्हातारीवरची धूळ फार वेळ पुसत बसले होते.

एका सकाळी ते चहा सांगायला बाहेर गेले आणि मी माझी चित्रफीत शोधताना चुकून दुसऱ्याच चौकटीवर टिचकी मारली. ती तत्क्षणी उघडली. म्हातारीने हूं की चूं केले नाही. आणि दुकानभर एक आवाज पसरला: जाड, ओलसर, घोंगडीतून यावा तसा. मागे भांड्यांची किणकिण, कोणीतरी बादली ठेवल्याचा ठणका, आणि त्यांतून वर येणारी भूपाळी. तो आवाज भिंतीतून आलेला होता. शस्त्रक्रियेच्या आधीच्या पहाटांना या माणसाने आपल्या बाजूच्या भिंतीला माइक चिकटवला होता.

दार वाजले. वासुदेवभाऊ दोन कप घेऊन उभे होते. मी ओशाळून हात पुढे केला.

“बंद नका करू,” ते म्हणाले. “होऊ द्या पुरं.”

आम्ही ऐकत राहिलो. त्यांना अलीकडे कमी ऐकू येते. म्हणून स्पीकर मोठा लावलेला आणि भिंतीलाच टेकवलेला. ध्वनिफीत एवढ्या पटकन का उघडली, हे मला विचारावे लागले नाही. मशीनला बरोबर ठाऊक होते.

“पलीकडे जात असेल हो आवाज,” मी म्हणाले.

“जाऊ द्या. रेडिओ समजत असन.”

धान निसवायला लागले, बांधांवरून हिरवट दुधाळ वास गावात येऊ लागला, आणि त्याच सुमारास मी पुन्हा दुकानात गेले तर शटर अर्धे खाली होते. आत वासुदेवभाऊ काळ्या पडद्यासमोर बसलेले. कालचे ताट तसेच. हाताशी दुसरे काहीच नव्हते. तो एक शर्टसुद्धा नव्हता, अंगात नुसती बनियन.

“कांडी जळली,” ते म्हणाले.

“पण माळ्यावर प्रत असेलच की! तुम्हीच म्हणालात, कांडीवर फक्त...”

“नाही ना जी.” त्यांनी म्हातारीवर हात ठेवला. “कोणतंही नवीन आलं का ते मशीन माळ्यावर पण टाकते. मीच सेटिंग बदलवली. म्हटलं, म्हातारी थकली, तिले कायले घडीघडी उठवा लागते? नवीन सारं कांडीवरच राहू दे. मंग सावकाश कधी चढवू वर. दया आली मले तिची.”

ते हसले. ते हसू मला आजही नकोसे वाटते.

“ज्याले कोणी विचारलं नाही ते वर चढलं, साऱ्या पवनीची लग्नं शाबूत आहेत मॅडम. पत्रावळी शाबूत आहेत. जनरेटर बंद पडलं थे शाबूत आहे. त्याचं तेवढं गेलं. नागपूरवाल्यानं पण हात टेकले.”

मी कालचे ताट उचलून बाजूला ठेवले.   ते म्हणाले,

“बाजूवाल्याकडे असन काही. मोबाईलमंधी, नाही तर त्या नाटकवाल्या पोट्ट्यायनं देलं असन. तुम्ही विचारा. कॉलेजले पाह्यजे म्हणा. माझं नाव नका घेऊ.”

“तुम्हीच का जात नाही? एवढी भिंत तर आहे मध्ये.”

“कोणत्या तोंडानं जाऊ? मी त्याले दुसऱ्यांदा मिटवलं.”

मी निघाले. अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर आले, चार पावले चालले, मनात वाक्य जुळवले: आमच्या महाविद्यालयाला लोकरंगभूमीच्या संग्रहासाठी... दारावर हात पुरता टेकलाही नसेल, तोच ते उघडले. कोणीतरी दाराआडच उभे असावे तसे. मधुकर. गळ्यावर पांढरे फडके बांधलेले, त्याच्या मागे श्वासाची बारीक शिट्टी. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे.

माझे जुळवलेले वाक्य त्याने ऐकूनच घेतले नाही. माझ्या खांद्यावरून तो त्या अर्ध्या शटरकडे बघत होता. मग त्याने मला आत ओढावे तसे बोलावले आणि सामाईक भिंतीजवळ नेले. तिथे एक खुर्ची होती, भिंतीला अगदी खेटून. ती बसून बसून झिजलेली होती. त्याने आपला कान भिंतीला लावला, माझ्याकडे वळून पाहिले आणि हात हलवला. काही नाही. पुन्हा कान लावला. पुन्हा हात हलवला. कितीतरी दिवस काहीच ऐकू येत नाही, असे तो सांगत होता. 

त्याने माझे मनगट धरले. ओठ हलले, आवाज नव्हता, तरी मला ते स्वच्छ ऐकू आले.

“दादा?”