गिळिल्या अपवादाची हकीकत

कुलदैवत स्मरोन, जैसे ऐकिले तैसे लिहितो. शके १९३५ विजयनाम संवत्सरे एके दौलतीत रेवूबाई म्हणोन बाई राहात होती आणि तिणे धाकटा भाऊ मुकुंदा यास भांडणाचे भरात "पुन्हा तोंड दाखवू नकोस" ऐसे म्हटले, आणि तो ते मनास लावोन दूर बेटावरील दीपगृहाचे चाकरीस निघोन गेला. मग बाईस पश्चात्ताप जाहला. बेटास निरोप जाणे तो दौलतीचे संगणकातूनच जावा, म्हणोन तिणे लिहिले, "मुकुंदा, चुकले. घरी ये." पडद्यावर उमटले, "निरोप पोचला." उत्तर नाही. मग दर पौर्णिमेस निरोप लिहावा, 'पोचला' वाचावे आणि वाटेकडे डोळे लावोन बसावे, ऐशी पाच वर्षे गेली. वांग्याचे भरीत त्यास आवडे, ते बाईंनी घरात करणे सोडिले.

शके १९४० विलंबीनाम संवत्सरे संगणकाचे दफ्तरी उमाबाई म्हणोन नवी प्रोग्रामर आली, आणि तिजकडे जुने कोड तपासणे आले. तेथे एकेका कामास मेथड म्हणतात आणि मेथडीचा करार असतो की, मज अमुक द्या, मी अमुक करीन, आणि न जमे तर अपवाद म्हणोन आरोळी देईन. मग काम सांगणाराने उपाय करावा अथवा वरिष्ठांस कळवावे. निरोपाचे मेथडीने करार चोख पाळिला होता. बेटाचा पत्ता बदलला होता आणि तिणे दर खेपेस 'पत्ता सापडेना' ऐसी आरोळी दिली होती. परंतु काम सांगणारे कोडाने ती आरोळी झेलोन गिळिली होती, पुढे काय करावे हे काहीच लिहिले नव्हते. रिकामा कंस आणि खाली 'पोचला'. उमाबाईंनी जुने प्रोग्रामर येसाजीपंत यांस पुसिले, "पंत, हे आपण लिहिले?" पंत मान खाली घालोन बोलिले, "सरकारांस पडद्यावर तांबडी ओळ खपत नसे. मीच गिळविली. कोणाचे काय अडते, ऐसे वाटले." "अडले आहे, पंत," ऐसे म्हणोन त्या स्वतः रेवूबाईंचे घरी गेल्या आणि सांगितले, "बाई, आपला एकही निरोप गेला नाही." बाई म्हणाली, "म्हणजे वाचोन तो गप्प राहिला नाही?" "नाही. त्यास अक्षरही मिळाले नाही." तेव्हा बाई रडू लागली आणि रडता रडता हसली.

मग कोड दुरुस्त जाहले, नवा पत्ता घातला आणि निरोप गेला. तिसरे दिवशी उत्तर आले, "ताई, तू नको म्हटलेस म्हणोन लिहिले नाही. पण दर बोटीस धक्क्यावर जात होतो, तू उतरतेस काय म्हणोन. निघालो." मुकुंदा आला तेव्हा त्याची कानशिले पांढरी जाहली होती. बाईने राहिल्या भाऊबिजांचे म्हणोन त्यास पाच वेळां ओवाळिले, आणि मग वांग्याचे भरीत करावयास बसली.

हकीकत इतुकीच. बहीणभाऊ भेटली, वर्षे भेटली नाहीत.