पायांना मुदतवाढ

हिवरखेडीच्या सरकारी दवाखान्यातल्या प्रमिला खोब्रागडे सिस्टर वयोमानानुसार निवृत्त झाल्या, फक्त त्यांच्या पायांना मुदतवाढ मिळाली.

चूक म्हटली तर सिस्टरांचीच. निवृत्तीनंतर धडधाकट राहायचं म्हणून त्या आधीपासूनच तयारीला लागल्या होत्या. पहाटे कालव्यापर्यंत चालायच्या, झोपताना तळव्यांना तेल चोळायच्या, आणि चपलांचे लाड नवऱ्यापेक्षा जास्त करायच्या. उरलेल्या देहाकडे मात्र नर्स जसं बघते तसंच त्यांनी बघितलं, म्हणजे बघितलंच नाही. जेवण उन्हं कलल्यावर, पाणी आठवलं तर, आणि लघवी ड्यूटी संपल्यावर. त्यामुळे मेडिकल बोर्डापुढे उभ्या राहिल्या तेव्हा कंबर, डोळे, पित्त, सगळं घरी पाठवण्याच्या लायकीचं निघालं. पाय तेवढे नव्या भरतीसारखे. नर्सांची टंचाई होतीच. बोर्डानं घोट्याच्या वर निवृत्ती आणि घोट्याच्या खाली मुदतवाढ असा निकाल दिला. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मागे भुलीच्या डॉक्टरांचा उजवा कान असाच ठेवून घेतला होता, तो अजून ऑपरेशनला असतो.

सिस्टरांचे यजमान देवानंद याच दवाखान्यात लॅबमध्ये होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची साखर तपासली आणि स्वतः जिलबी खाल्ली. ते नखासकट निवृत्त झाले होते. "मी तुले सांगत होतो, एवढी चालत नको जाऊ," एवढंच ते पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले.

निरोप समारंभ रीतीप्रमाणे झाला. शाल खांद्यांना मिळाली, नारळ हातांना मिळाला, पायांना काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उठले आणि ड्यूटीवर निघाले. वरच्या बाईंना सोबत जाणं भागच होतं. फाटकावर चौकीदारानं अडवलं. पायांची हजेरी लागली, पण घोट्याच्या वरचा भाग बाहेरचा, आणि बाहेरच्यांना भेटायची वेळ संध्याकाळची. बरीच घासाघीस झाल्यावर सिस्टरांना पायांची नातेवाईक म्हणून पास मिळाला.

वॉर्डात तर आणखीच पंचाईत. पाय या खाटेकडून त्या खाटेकडे धावायचे, आणि हात काखेत दाबून धरलेल्या सिस्टर त्यांच्यावर नुसत्या उभ्या. सलाइन संपत आलेलं दिसायचं, हात शिवशिवायचे, पण हात निवृत्त. स्नेहल नावाची नवी नर्स एका म्हाताऱ्याची शीर शोधता शोधता घामाघूम झाली, तेव्हा सिस्टरांनी तोंड उघडलं. स्नेहल अदबीनं म्हणाली, "मॅडम, तोंडसुद्धा रिटायर झालंय ना तुमचं?"

सिस्टरांनी तोंड मिटलं. त्यांचा ओरडा नाही म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर त्या दिवशी उतरलं म्हणतात.

हेही निभलं असतं. पण नागपुरात त्यांच्या मुलीचे, रश्मीचे, दिवस भरत आले होते. रश्मी पहिल्यांदा चालली तेव्हा सिस्टर ड्यूटीवर, शाळेत गेली तेव्हा ड्यूटीवर, आणि तिच्या लग्नात जेवणाची पंगत बसली तेव्हा एक बाई अडली म्हणून बोलावणं आलं होतं. गावची अर्धी पोरं त्यांच्या हातांवर जन्मली. पोटच्या पोरीला मात्र त्यांनी एकच शब्द दिला होता: रिटायर झाले की तुझ्या बाळंतपणाला येईन, आणि आले की हलणार नाही.

त्या आस्थापना शाखेत बोरकुटे बाबूंपुढे जाऊन बसल्या. पाय टेबलाखाली जागच्या जागी फेऱ्या मारत होते.

"रजा पाहिजे बाबू."

"कोणाले?"

"मला."

"तुम्हाले कायची रजा? तुम्ही मोकळ्या आहात जी. कुठंबी जा."

"आणि पाय?"

"पाय मुदतवाढीवर आहेत. मुदतवाढीत रजा बसत नाही."

"माझ्या पोरीचं बाळंतपण आहे."

"तुमच्या पोरीचं आहे हो. पायांच्या कागदावर पोरगी नाही."

टेबलाखालची धावपळ वाढली. वॉर्डात कोणी तरी घंटी वाजवली असावी. सिस्टरांनी दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले. "मग मी जाऊ कशी? तुम्हीच सांगा."

बोरकुटे बाबूंनी चष्मा पुसला. "बाई, इतकी वर्षं रजेवर जात होत्या तवा कपाटाच्या किल्ल्या घरी नेत होत्या का?"

"नाही. चार्ज देऊन जात होते."

"मंग?"

हे सिस्टरांना आपलं आपल्याला सुचायला हवं होतं. त्या तडक वॉर्डात गेल्या आणि स्नेहलला बोलावून रीतसर चार्ज दिला. "उजव्याची टाच फुटते, व्हॅसलिन लावत जा. डावा जिन्यावर घाई करतो. दुपारी दोघांना उशीवर ठेव. ऐकणार नाहीत, तरी ठेव." स्नेहलनं सही केली. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि बांगड्या उतरवाव्यात तसे त्यांनी पाय उतरवले, पांढऱ्या बुटांसकट. बूट लगेच तिसऱ्या खाटेकडे गेले. एकदाही वळले नाहीत. सिस्टरांना ते जरा लागलं.

देवानंद चाकांची खुर्ची घेऊन आले. फाटकापर्यंत ढकलतानाच त्यांना धाप लागली. "मले चालायची सवय नाही," ते म्हणाले.

"आता लागेल," सिस्टर म्हणाल्या.

नागपुरात पोचल्या त्याच आठवड्यात रश्मीला मुलगी झाली. जाग आल्यावर तिनं आईकडे नीट पाहिलं.

"आई, पाय?"

"ड्यूटीवर."

रश्मीनं मान हलवली. आई ड्यूटीवर असणं तिला नवं नव्हतं. या वेळी तर बरीचशी आली होती. तिनं बाळ आईच्या मांडीवर दिलं, आणि सिस्टर बसून राहिल्या. कोणी हाक मारली नाही. मांडी हलली नाही. बाळ झोपलं, रश्मी झोपली, देवानंद तर बसल्या जागी घोरायला लागले.

दुपारी सिस्टर अस्वस्थ झाल्या. त्यांनी यजमानांना कोपरानं ढोसलं. "अहो, तळवे ओले लागताहेत. तिकडे लेबर रूमपुढची फरशी पुसून तशीच ओली ठेवलीय. फोन लावा, कोणी तरी पडेल."

देवानंदांनी हिवरखेडीला वॉर्डात फोन लावला. "सिस्टर सांगून राहिल्या, फरशी कोरडी करा."

स्नेहलनं तिकडून विचारलं, कोणत्या सिस्टर, खोब्रागडे सिस्टर तर इथंच फिरताहेत.

"वरच्या," देवानंद म्हणाले.

तिकडून बरं म्हटलेलं ऐकू आलं. थोड्या वेळानं तळवे कोरडे लागले, तशा सिस्टर पुन्हा नातीकडे बघायला लागल्या.