मोतीबाईचा आहेर

"पितळच दिसलं नाही, तं पंच पट्टी कशाची लावतीन?" कडेवरच्या लेकराला थोपटत सोजरबाई म्हणाली, आणि सगळ्या गल्लीनं तिच्या अकलेला हात जोडले!

गावात नवा नळ आला होता. गरिबावर जुलूम नको म्हणून पंचांनी ठरवलं होतं, ज्याच्या घरात पितळ त्याची पाणीपट्टी पूर्ण, ज्याची नुसती मडकी त्याची पाव. सकाळी घरोघर तपासणी!

मग काय, घागरी, हंडे, पराती, सगळी वरात निघाली मोतीबाईच्या झोपडीकडं. नवरा गेलेली, एकटी. घरात एकच मडकं, तेही काठ फुटलेलं. तिथं पंच कशाला वाकून बघतात!

"ठेवा माय," मोतीबाई म्हणाली, "माह्या घरात तेवढाच उजेड!"

पंचांनी नेमकी तिच्यापासूनच सुरुवात केली! म्हातारे नानाजी दारातून वाकले ते वाकलेलेच राहिले. आत भांड्यांचं दुकान लखलखत होतं!

"मोतीबाई, हे कोनाचं वं?"

दाराशी उभ्या सोजरबाईचं काळीज लेकराच्या खुळखुळ्यासारखं वाजू लागलं. मोतीबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग लेकराकडं. त्याला पहिलं न्हाऊ तिनंच घातलं होतं.

"माह्यंच हाय."

"मंग घागरीवर सोजरबाईच्या सासऱ्याचं, दौलतरावाचं नाव कायले?"

"आहेर हाय, नानाजी. आहेरावर देनाऱ्याचंच नाव राह्यते न!"

"अन् हे परात?"

"थेबी आहेरातलीच."

"बापा! एवढा आहेर!" नानाजींनी टोपी मागं सारली. "मंग सोयरेबी मोठेच! लिवा रे, पूर्ण पट्टी!"

पुढच्या घरांत मडकीच मडकी. सगळ्या गल्लीला पाव!

सांजेला बायांनी आपापली भांडी उचलून नेली. मोतीबाईच्या लग्नात खरं तर एक तांब्या आला होता. तो नवऱ्याच्या दवापाण्यात गेला.

"मी सांगतो नानाजीले खरं खरं," सोजरबाई म्हणाली.

"अन् साऱ्या गल्लीवर दंड आनतं काय? मोठी आली खरं बोलनारी!" बाया तुटून पडल्या.

सोजरबाईनं लेकराला छातीशी धरलं आणि आपली घागर उचलून घरी गेली.

पट्टी भरली गेली नाही. मोतीबाईला नळ बंद झाला. फुटक्या काठाचं मडकं घेऊन ती नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊ लागली.

एका सकाळी सोजरबाईनं तीच सासऱ्याच्या नावाची घागर नळावर भरली, डोक्यावर घेतली, लेकरू कडेवर मारलं आणि मोतीबाईचं दार गाठलं.

"काकी, घ्या न पानी."

मोतीबाई बोळकं हसली. "नको माय. एवढ्या आहेरवाल्या बाईनं लोकाचं पानी घेतलं, तं गाव काय म्हनन!"

सोजरबाई मागं फिरली. घरी येईस्तोवर घागर हिंदकळून हिंदकळून अर्धी सांडली. पाव पट्टीच्या त्या पाण्यानं चिंब भिजलेलं लेकरू तेवढं खदखदा हसत होतं!